ओवी, अभंग आणि वेगळं पाणी

सातारा,
८ जानेवारी २०२४

गुरुजींस सयाजीचा रामराम.

फोन केला असता, पर तोफखान्यात आयुष्य काढल्यावर कान आता नावालाच राहिल्यात. तुमी बोलता हळू, आन् मी नुसतं "हां हां" करत बसतो. परवा फोनवर तुमी काय इचारलंत ते मला अजून ठाऊक न्हाई. म्हणून हा कागद.

आमचा वीरधवल मस्कतला चाललाय. नोकरी बरी हाय. ब्राह्मी गेल्यापासनं पोरगं घरात असून नसल्यासारखं झालंय. जाऊ दे म्हटलं, जागा बदलली तर बदलंल. मागं ऱ्हातो मी, आन् तिची ती समुद्राची टाकी. पाचगणीला ती शिकवत होती त्या शाळेनं टाकून दिली होती, तिनं गाडीत घालून घरी आणली. पहिल्यांदा मीठ कालवत बसली तवा मी म्हटलं, सूनबाई, लोणचं घालतीस का काय!

त्यातले दोन मासे उरल्यात, ओवी आन् अभंग. नारिंगी अंग, वर पांढरं पट्टं. थोरली ती ओवी, धाकटा अभंग. नावं तुमच्या लेकीनं ठेवलेली. आमच्या घरात मासा म्हंजे कालवण, त्याला नाव कोण ठेवतंय? मी चिडवायचो, "ह्या दोघांत रस्सा लय पातळ हुईल बग." तर ती टाकीवर फडकं टाकायची, माशांनी ऐकू नये म्हणून.

दुकानदार घेतो म्हणतोय. पर तिच्या हातचं खाल्लेलं हे दोनच जीव आता ह्या घरात हायेत. त्यांना दुकानात धाडायला हात हुईना. मला ते सांभाळायचं जमणार न्हाई. तुमी न्हेता का? ताईंना इचारून कळवा.

तुमचा,
सयाजी


सांगली,
१७ जानेवारी २०२४

सुभेदारसाहेब यांस,
सादर जयजिनेंद्र.

पत्र पोचले. पोस्टमनने हाक मारली तेव्हा क्षणभर वाटले, ब्राह्मीचेच असेल. पाचगणीहून ती मला हट्टाने पत्रे पाठवायची, कारण मला टपाल आवडते हे तिला ठाऊक होते.

चौथीत असताना ती माझ्याच शाळेत होती. मी फळ्यावर एक समुद्राची कविता लिहून देत होतो. ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, सगळ्या कवितांत समुद्र येतो, मग सांगलीत का येत नाही?" (शाळेत मला गुरुजी म्हणायचे आणि घरी दादा, हा तिचा नेम.) मी म्हणालो, "आपली कृष्णा जाते ना त्याच्याकडे." ती म्हणाली, "जाते हो. पण त्याला घेऊन कुठे येते?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पोरीने मोठेपणी समुद्र घरात आणून दाखवला, आणि मी तो बघायला तिच्या हयातीत दोनदाच आलो.

आता मुख्य गोष्ट. ब्राह्मीच्या आईची, चंदनबालेची अवस्था तुम्ही पाहून गेला आहात. कामापुरते बोलते, तेही भिंतीशी बोलल्यासारखे. ताटात वाढून घेते आणि झाकून ठेवते. तुमचे पत्र तिला वाचून दाखवले. फडक्याच्या ओळीपाशी तिने मान वर केली आणि म्हणाली, "आणा त्यांना."

सुभेदार, ब्राह्मी गेल्यापासून तिने मला काही आणायला सांगितलेले नव्हते. मीठसुद्धा नाही. मासे पाठवा.

आपला,
धरणेंद्र


सातारा,
२९ जानेवारी

गुरुजींस रामराम.

वीरधवल जायच्या आधी सगळं सांगून गेलाय. मी लिवून घेतलं, तसंच्या तसं उतरवतो.

मोठी टाकी आत्ता धाडत न्हाई. तिच्यात मागं तिसरा एक मासा होता, तो अंगावर पांढरं ठिपकं येऊन मेला. मिठाच्या दाण्यायवढं ठिपकं. हे दोघं दिसायला स्वच्छ हायेत, पर रोग अंगात असू शकतो. म्हणून आधी त्यांना वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचं. क्वारंटाइन टँक म्हणत्यात तिला. फौजेत नवा रंगरूट आला की त्याला आधी वेगळ्या बराकीत ठेवायचो, तसलंच.

टाकी नुसती काचेची. वाळू न्हाई, दगड न्हाई, शिंपले न्हाईत. लपायला नळाच्या प्लॅस्टिक पायपाचा एक तुकडा. स्पंजचा फिल्टर, हवेचा पंप. मीठ माशांच्या दुकानातलंच, मापानं, मोजायचं यंत्र संगती देतोय.

रोगाला दोन उपाय. एक तांब्याचं औषध. त्यानं ते जंतू मरत्यात. पर तुमच्या घरात जीव मारायचं औषध चालणार न्हाई हे मला म्हायती हाय, म्हणून दुसरा इचारून घेतला. ते जंतू माशाच्या अंगावरनं गळून तळाला बसत्यात आन् तिथं वाढत्यात. म्हणून रोज सकाळी बारीक नळीनं तळाचं पाणी ओढून काढायचं आन् लांब गटारात ओतायचं. टाकीजवळ ठेवायचं न्हाई. तेवढंच नवं पाणी घालायचं. एवढं जपलं तर औषध लागत न्हाई.

शंभूराज टेम्पोवाला मासे घिऊन येईल. पोचले की कळवा. मी फेब्रुवारीत वडूजकडं गावाला जाणार, ज्वारीची काढणी हाय.

सयाजी


सांगली,
२२ फेब्रुवारी २०२४

सुभेदारसाहेब यांस,
सादर जयजिनेंद्र.

पाव्हणे सुखरूप पोचले. शंभूराजाने बादली मांडीवर घेतल्यासारखी जपून आणली म्हणे. त्याला चहा दिला तर म्हणाला, "आजी, आदी ह्यास्नी बघा, मला मागनं."

छोटी टाकी देवघराबाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी मांडली आहे. ओवी पहिला दिवस त्या पायपातून बाहेरच आली नाही. अभंग मात्र तोंडाशी राखणीला. चंदनबाला समोर पाट टाकून बसून राहिली. संध्याकाळी जेवणाची वेळ टळून सूर्य मावळायला आला, तेव्हा मी म्हटले, आता उठ. तर म्हणाली, "ती खाईल तेव्हा मी खाईन." आणि ओवीने बाहेर येऊन दाणा उचलला हो! मग ही उठली आणि पूर्ण भाकरी जेवली.

तुमचे पत्र मी तिला वाचून दाखवले, पण थोडे गाळून. रोग, जंतू हे काही वाचले नाही. "नव्या जागेची सवय होईपर्यंत वेगळे ठेवायचे" असे वाचले. रोग हा शब्द या घरात मला आता उच्चारवत नाही. आणि लेकीच्या माशांचे पाणी व गटार ही दोन एका वाक्यात बसेनात, म्हणून नुसते "तळाचे पाणी बाहेर काढायचे" असे म्हटले. आयुष्यभर कविता शिकवल्याचा हा दोष समजा.

ते काम तिने स्वतःकडे घेतले आहे. किती मन लावून करते ते तुम्ही पाहायला हवे होते. पहाटे अंघोळ करून येते, नळीने पाणी ओढते आणि ते दुपदरी फडक्यातून गाळते. आमच्याकडे विहिरीचे पाणी गाळले की फडक्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे अशी रीत आहे. जिवाणी म्हणतात तिला. जीव ज्याच्या त्याच्या घरी परत. ही रोज ते फडके मिठाच्या पाण्यात हळूच खळबळते आणि ते पाणी टाकीत सोडते. म्हणते, "समुद्राचे जीव ते. गोड्या पाण्यात टाकले तर मरतील बिचारे." मी दारात उभा राहून बघतो. इतकी वर्षे दया या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतले. निबंध तो नव्हे, हा.

काल तिने मला हाक मारली. काम नव्हते. नुसती हाक.

आपला ऋणी,
धरणेंद्र


सांगली,
११ मार्च

सुभेदारसाहेब,

तुमचे उत्तर नाही, फोनही लागत नाही. अजून गावीच असाल.

अभंगाच्या पंखांवर मीठ भुरभुरल्यासारखे काही दिसते आहे. ओवी काचेला अंग घासते. चंदनबाला म्हणते, थंडी बाधली असेल. ती आता दिवसातून दोनदा पाणी काढते, गाळते आणि सोडते. घास तिच्या तोंडात फिरत राहतो.

वीरधवलला कळवून काही उपाय असेल तर ताबडतोब सांगा. कृपा करून ताबडतोब.

धरणेंद्र


सातारा,
१७ मार्च

गुरुजी,

आजच गावाकडनं आलो. दारात दोन्ही पत्रं पडलेली. बावीस तारखेचं आदी वाचलं आन् तसाच मोबाईल हुडकला.

वीरधवलला मेसेज केला, त्याचा जाब लगीच आला. गुरुजी, ते फडकं थांबवा. आत्ताच्या आत्ता. तळाचं पाणी काढायचं ते त्या जंतूंसाठीच तर. ताई ते गाळून पुन्हा माशांतच सोडत्यात. एकाचे शेकड्यानं हुत्यात. सगळं पाणी बदला, दुसऱ्या कोऱ्या टाकीत घाला, आन् आता ते तांब्याचं औषध घालाच. पाप लागलं तर माझ्या नावावर लागू द्या.

शंभूराजच्या हातनं औषधाची बाटली आन् हे पत्र धाडतोय. तुमच्याकडं फोन कुणी उचलंना, आन् टपालाची वाट बघत न्हाई.

सयाजी


सांगली,
२४ मार्च २०२४

सुभेदारसाहेब यांस,

शंभूराज आला तेव्हा आमच्या दारात शेजारीण उभी होती. त्यावरून त्याला कळले असावे. बाटली त्याने खिशातून बाहेरच काढली नाही.

अभंग आदल्या दिवशी गेला. ओवी त्या दिवशी पहाटे. चंदनबालेने तिला ओंजळीत घेतले आणि बराच वेळ पाण्यात धरून ठेवले. मग दोघांना पेरूच्या झाडाखाली पुरले. मी खड्डा खणला, तिने माती लोटली. तोंडाने नवकार म्हणत होती.

तुमचे पत्र मी परसात उभ्याने वाचले. तुम्ही गटार लिहिले होते. मी नुसते बाहेर वाचले.

त्या दिवसापासून तिने ताट मांडलेले नाही. पाणी पिते. एकच प्रश्न विचारते. मी दाढी करत असलो तरी, जपाला बसलो असलो तरी. "माझं काय चुकलं? मी काय केलं हो त्यांना?" खरे सांगितले तर? साठ वर्षे ती पाणी गाळते आहे. ज्या हाताने मुंगीला वाट करून दिली, त्याच हाताने लेकीचे शेवटचे जीव गेले, हे तिला कोणत्या शब्दांत सांगू? ती उठणार नाही, सुभेदार. मी तिला ओळखतो, ती पुन्हा उठणार नाही.

आणि काहीच सांगितले नाही तर ती शोधत राहील. एक दिवस तिचे तिलाच सापडेल.



धरणेंद्र


सातारा,
३० मार्च २०२४

सौ. चंदनबालाताईंस सयाजीचा दंडवत.

ताई, हे पत्र गुरुजींना न्हाई, तुमाला हाय. तुमच्या हातात पडावं म्हणून वर तुमचंच नाव घातलंय.

मासे गेल्याचं कळलं. तुमी स्वतःला बोल लावताय असंबी कळलं. तुमचं काय चुकलं न्हाई. मासे इथनं निघाले तवाच रोगानं भरले हुते. मला म्हायती हुतं, वीरधवलला म्हायती हुतं. इथं मेले असते तर आमाला बघवलं नसतं, म्हणून तुमच्या दारात धाडून दिले. गुरुजींनाबी आमी खरं सांगितलं न्हाई. तुमी काय बी केलं असतं तरी ते जगणारच नव्हते.

लपवलं, ही आमची चूक. माफी मागायला तोंड न्हाई.

सयाजी


सांगली,
८ एप्रिल

सुभेदार यांना,

तुमचं पत्र मी माझं मी वाचलं. दोनदा वाचलं.

लपवलं म्हणता. तुमच्या घरची ही रीतच दिसते. भाद्रपदात माझी लेक तापानं फणफणली होती, तेव्हाही तुम्ही लपवलंत. दवाखान्यात नेलं तेही लपवलंत. दशलक्षण पर्वाचे माझे दहा उपवास झाले, पारण्याचं पहिलं पाणी मी ओठाला लावलं आणि तुमचा फोन आला की ती रात्रीच गेली. डेंग्यू काय एका रात्रीत होतो? मला आधी कळवलं असतं तर मी चालत आले असते. तिच्या कपाळावर हात तरी ठेवला असता. तेव्हा मी काही बोलले नाही. म्हटलं, त्यांचंही माणूस गेलंय. आज विचारते. माझ्या पोरीचं शेवटचं बोलणं तुम्ही ऐकलंत, मी का नाही?

तुमच्या घराशी माझा संबंध संपला. पुन्हा या दारी येऊ नका.

चंदनबाला


सातारा,
१५ एप्रिल

गुरुजींस,

हे पत्र तुमच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर धाडतोय. शिपाई तुमाला निरोप दील. घरी न्हेऊ नका.

ताईंचं पत्र आलं. बरोबर लिवलंय त्यांनी. त्या जागी मी असतो तर बंदूक घिऊन आलो असतो.

पर एक गोष्ट तुमाला सांगतो. आजवर कुणाला बोललो न्हाई, वीरधवलबी बोलला न्हाई. ताप चढला त्याच दिवशी मी फोन उचलला हुता. ब्राह्मीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "आबा, आईला सांगू नका. तिचा उपवास चाललाय. सांगितलं तर उपाशीपोटी धावत येईल, न्हाईतर उपास मोडून जन्मभर मनाला लावून घेईल. पारणं होऊ द्या. तवर मी बरी हुते." डॉक्टरबी म्हणत हुते, उतरंल ताप. मी रोज इचारायचो, आज सांगू का गं? ती बोटानं न्हाई म्हणायची. शेवटच्या दिवशी बोट हललं न्हाई. तवा तुमाला फोन करायला उठलो, आन् तोवर झालं हुतं.

हे ताईंना सांगायचं न्हाई, गुरुजी. तुमच्या उपासापायी पोरगी तुमाला भेटली न्हाई, असं कुठल्या आईला सांगायचं? त्यापरीस मी वाईट झालेला बरा. मला काय, फौजेत साहेबांच्या शिव्या लय खाल्ल्यात. ह्या त्याहून जड हायेत, पर खाईन.

त्या जेवत्यात का, तेवढं कळवा.

सयाजी


सांगली,
३ मे २०२४

सुभेदारसाहेब यांस,
सादर जयजिनेंद्र.

शिपायाचा निरोप आला, पत्र शाळेतून घेतले. घाटावर गेलो, शेवटच्या पायरीवर बसून वाचले आणि तिथेच पाण्यात सोडले. दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो.

परत येताना ठरवले होते की तिला सगळे सांगायचे. तुमच्यासारख्या माणसाला माझ्या घरात रोज शिव्या बसतात आणि मी मान खाली घालून ऐकतो, हे मला सोसवेना. तोंडात वाक्यसुद्धा तयार केले होते. दारात पाऊल टाकले तर चुलीवर तवा होता. मला बघून म्हणाली, "आलात? त्या साताऱ्याच्या माणसाला झोप कशी लागते हो? पोरीला गिळलं, मुक्या जिवांना गिळलं, वर कागद पाठवतो!" बोलता बोलता तिने दोन ताटे मांडली. माझे आणि स्वतःचे. मी म्हणालो, "चंदन, ऐक." ती म्हणाली, "काय?" आणि भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. महिनाभर जिने धड अन्न चाखले नव्हते तिच्या ओठाला आमटी लागलेली होती. मी म्हणालो, "काही नाही. मीठ कमी आहे."

ती जेवते, सुभेदार. तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. सकाळी तुमच्यावर रागावते आणि भाकरी खाते. संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी पुन्हा रागावते आणि पुन्हा खाते. शेजारणीला तुमच्याविषयी सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा चढतो. हा राग गेला तर तो कुणाकडे वळेल, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तुम्ही तिला उभे राहायला पाठ दिलीत. ती रोज त्या पाठीवर लाथा घालते आणि उभी राहते.

म्हणून शेवटचे मागणे. आता पत्र पाठवू नका. शाळेच्या पत्त्यावरही नको. आमची वस्ती लहान आहे, शिपाई तिच्या माहेरच्या गल्लीतला आहे. तुमचे अक्षर माझ्या खिशात सापडले तर ती विचारेल, थेट विचारल्यावर मी तिच्याशी कधी खोटे बोललेलो नाही, आणि सगळे कोसळेल. तुम्ही आजारी पडलात तरी मला कळणार नाही. मी गेलो तर वर्तमानपत्रात येईल तेवढे तुम्हाला कळेल. येऊ मात्र नका. ती दारात उभी असेल.

लेकीमुळे जोडलेला एकच माणूस उरला होता, तोही मी असा हाताने तोडतो आहे.

वर्गात मी पत्रलेखन शिकवायचो. मायना, मजकूर, आणि शेवटी "आपल्या उत्तराची वाट पाहत आहे." ही ओळ विसरेल त्याचा मी एक गुण कापत असे. मुले कुरकुरायची. मी म्हणायचो, अरे, त्या ओळीवाचून पत्र म्हणजे नुसता कागद.

सुभेदार, उत्तर पाठवू नका. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाऊन उभा राहीन. तरीही पाठवू नका.

तुमचा,
धरणेंद्र